एका विद्यापीठातल्या अनेक इंग्रज्या

मुलगा किंवा मुलगी कॉलेजात जाऊ लागली की घरी येणारा पाहुणा एक प्रश्न हमखास विचारतो, ‘काय, इंग्रजी कसं आहे तुझं?’ या प्रश्नामागं एक समजूत असते. इंग्रजी म्हणजे जणू चलनी नोट. दादरला चालते तशी ती दापोलीलाही चालणार. ज्याच्या खिशात भरपूर, तो श्रीमंत. ज्याच्या खिशात चिल्लर, तो गरीब. माझी नोकरीची सगळी वर्षं बँकेत गेली, त्यामुळं मला वेगळीच उपमा सुचते. विद्यापीठात लिहिलं जाणारं इंग्रजी नोटेसारखं नसतं, जुन्या काळच्या हुंडीसारखं असतं. ज्या पेढीवर हुंडी काढली, तिथंच ती वटते. शेजारच्या पेढीवरचा मुनीम ती उलटसुलट करून पाहतो आणि परत देतो.

हे ज्याला कुणी सांगितलेलं नसतं, त्याचे हाल होतात. रसायनशास्त्रात उत्तम गुण मिळवलेली मुलगी समाजशास्त्रात एम.ए.ला जाते आणि तिच्या पहिल्या निबंधावर ‘यात तुमचं म्हणणं कुठं आहे?’ असा लाल शेरा येतो. इतिहासाचा पदवीधर मॅनेजमेंटला जातो आणि त्याला ‘इतकं लांबण नको, मुद्दे लिहा’ असं ऐकावं लागतं. दोघंही घरी येऊन एकच निष्कर्ष काढतात, ‘माझं इंग्रजी कच्चं आहे.’ मराठी माध्यमातून आलेलं मूल तर हा निष्कर्ष काढायला आधीपासून तयारच असतं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं ‘मेजर’ आणि ‘मायनर’ विषयांची सोय केली, त्यामुळं एकाच मुलाला आता सोमवारी एका पेढीवर आणि मंगळवारी दुसऱ्या पेढीवर हुंडी वटवावी लागते. म्हणून हा विषय केवळ प्राध्यापकांचा राहिलेला नाही. तो घराघरातला झाला आहे.

आणि हे दुखणं फक्त आपलं आहे, असंही नाही. मेरी ली आणि ब्रायन स्ट्रीट या दोन ब्रिटिश अभ्यासकांनी १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांच्या लेखनाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. इतिहास आणि मानववंशशास्त्र असे दोन्ही विषय घेतलेल्या एका विद्यार्थ्याचा दाखला त्यात आहे. इतिहासाचे शिक्षक त्याच्या लेखनावर खूश होते. मानववंशशास्त्राच्या शिक्षकांना मात्र त्याच्या लेखनात ना रचना दिसत होती, ना युक्तिवाद. लिहिणारा हात एकच. दोन्ही शिक्षक ‘रचना’ आणि ‘युक्तिवाद’ हेच शब्द वापरत होते, पण त्या शब्दांचे अर्थ दोन विभागांत दोन होते. अभ्यासकांचं म्हणणं असं, की शिक्षकांना हे अर्थ इतके अंगवळणी पडलेले असतात की ते उलगडून सांगायला हवेत हे त्यांच्या ध्यानातच येत नाही.

फरक नेमका कसला, हे पाहायचं तर गावातली एक जुनी विहीर डोळ्यांपुढं आणू. रसायनशास्त्रज्ञ लिहील, ‘पाण्याचे नमुने तीन वेगवेगळ्या खोलींवरून घेण्यात आले.’ कुणी घेतले, हे तो सांगणार नाही. अर्थशास्त्रज्ञ म्हणेल, ‘समजा, या विहिरीवर शंभर शेतकरी पाणी उपसतात आणि प्रत्येक जण फक्त आपला फायदा पाहतो.’ असे शेतकरी त्या गावात आहेत की नाहीत, हा प्रश्न तो नंतरसाठी ठेवील. इतिहासकार आधी विहिरीवरचा शिलालेख वाचील, मग दप्तरातला कागद शोधील आणि दोहोंत तफावत असेल तर कुणावर विश्वास ठेवायचा याचा खल तळटीपेत करील. समाजशास्त्रज्ञ विचारील, या विहिरीवर पाणी भरायची मुभा कुणाला होती आणि कुणाला नव्हती. आणि ‘मी असं मांडू इच्छितो’ असं म्हणून स्वतः पुढं येईल. कायद्याचा अभ्यासक आधी ‘विहीर’ या शब्दाची व्याख्या करील. साहित्याचा समीक्षक कादंबरीतल्या विहिरीकडं वळेल आणि तिच्याविषयी वर्तमानकाळात लिहील, कारण कादंबरीतली विहीर कधी आटत नाही. सहाही जण इंग्रजीत लिहितील, सहाही जणांचं व्याकरण शुद्ध असेल. पण त्यांचे कागद आपसात बदलून टाकले तर सहाही जण नापास होतील.

याचं कारण शोधायला मागं जावं लागतं. लंडनच्या रॉयल सोसायटीची स्थापना १६६०ची. कुणाच्याही शब्दावर विसंबू नये, अशा अर्थाचं तिचं लॅटिन ब्रीद आहे. तिचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ मध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केलं. त्यातला बराच मजकूर पत्रांसारखा असे आणि त्यात ‘मी’ सरळ उभा असे. मी असं केलं, मला असं दिसलं. रॉबर्ट बॉइल यांनी हवेच्या पंपाचे प्रयोग लिहिताना बारीकसारीक तपशील तर दिलेच, शिवाय फसलेले प्रयोगही नोंदवले. वाचक प्रयोगाच्या जागी नव्हता, पण वाचता वाचता त्याला साक्षीदार झाल्यासारखं वाटावं, हा हेतू. पुढं प्रयोगशाळा वाढल्या, उपकरणं प्रमाणित झाली आणि अमुक गृहस्थांनी पाहिलं याला महत्त्व उरलं नाही. कुणीही, कुठंही हेच केलं तर हेच दिसलं पाहिजे, हे महत्त्वाचं ठरलं. मग ‘मी’ हळूहळू वाक्यातून बाहेर पडला.

बँकेतही आम्ही असंच कर्मणी प्रयोगातलं इंग्रजी लिहीत असू. ‘असे निदर्शनास येते की’, ‘शिफारस करण्यात येते की’. पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कर्ज बुडालं तर शिफारस नेमकी कुणाची हे सापडू नये, म्हणून आमच्या नोंदीतला कर्ता अदृश्य होई. विज्ञानातला कर्ता अदृश्य होतो तो त्याच्या जागी तुम्ही-आम्ही कुणीही उभं राहू शकावं म्हणून. एका ठिकाणी कर्ता लपतो, दुसऱ्या ठिकाणी बाजूला सरतो.

विसाव्या शतकात वैज्ञानिक निबंधाचा साचा पक्का झाला. प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती आणि चर्चा. पीटर मेडावार हे १९६०चे नोबेल मानकरी. त्यांनी १९६३ मध्ये बीबीसीवरच्या भाषणात, वैज्ञानिक निबंध ही एक फसवणूक तर नाही ना, असा प्रश्न विचारून खळबळ उडवून दिली. आकड्यांविषयी त्यांना शंका नव्हती. त्यांचा आक्षेप असा, की या साच्यामुळं शास्त्रज्ञ कोऱ्या मनानं निरीक्षणं करतो आणि शेवटी निष्कर्ष उगवतो असा भास होतो. प्रत्यक्षात आधी डोक्यात कल्पना असते, मग तिच्यासाठी धडपड असते. ती धडपड निबंधात येत नाही. इतिहास किंवा मानववंशशास्त्रात नेमकी तीच धडपड वाचकाला पाहायची असते.

काळांची गंमत तर पाहण्यासारखी आहे. वैज्ञानिक आपण केलेल्या कृती भूतकाळात लिहितो, पण निष्कर्षाकडं येताच वर्तमानकाळात शिरतो. ‘द्रावण तापवलं’ हे एकदा घडलं; ‘पाणी शंभर अंशांना उकळतं’ हे नेहमीचं. इतिहासकार भूतकाळातून सहसा बाहेर पडत नाही. साहित्य समीक्षकाच्या लेखी हॅम्लेट रोज मरतो, तेही वर्तमानकाळात. आपणही मराठीत ‘शिवाजी महाराज म्हणाले’ असं म्हणतो, पण ‘ज्ञानेश्वर म्हणतात’ असंच म्हणतो. घटना संपते, ग्रंथ बोलतच राहतो.

संदर्भ देण्याच्या पद्धतींतही प्रत्येक शाखेचा स्वभाव उमटतो. लेखकाचं नाव आणि कंसात वर्ष, या पद्धतीचा उगम हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांच्या १८८१च्या एका निबंधात सापडतो. मानसशास्त्र आणि समाजशास्त्रांनी वर्षाची ही पद्धत उचलली, कारण संशोधन ताजं की शिळं हे तिथं आधी कळावं लागतं. साहित्याचे अभ्यासक नावापुढं वर्ष न देता पानाचा आकडा देतात, कारण त्यांच्या दृष्टीनं प्रश्न ‘केव्हा’ हा नसतो, ‘नेमकं कुठं’ हा असतो. गणिताला या दोहोंचं फारसं सोयरसुतक नाही. तिथं ‘समजा’ म्हणून सुरुवात होते आणि ‘आपण’ या सर्वनामात वाचकाला हाताला धरून नेलं जातं. रामानुजन यांनी १९१३च्या जानेवारीत मद्रासहून हार्डींना पत्र पाठवलं, तेव्हा त्यात सूत्रांची रास होती, सिद्धता जवळजवळ नव्हत्याच. हार्डींनी प्रतिभा ओळखली, पण सिद्धतांचा आग्रह सोडला नाही. त्या पेढीवर दुसरं तारण चालत नाही.

आता शंकेची भाषा. एखादी गोष्ट किती खात्रीनं म्हणायची, याचे प्रत्येक शाखेचे ठरलेले शब्द असतात आणि इथं घरातल्या माणसाचाही थेट संबंध येतो. वैद्यकातला संशोधक लिहितो, अमुक सवयीचा तमुक आजाराशी ‘संबंध आढळतो’. त्या सवयीनं आजार ‘होतो’, असं तो म्हणत नाही. वर्तमानपत्राच्या मथळ्यात येईपर्यंत मधला फरक गळून पडतो आणि सकाळच्या चहाबरोबर आपण घाबरून जातो. तसाच ‘सिग्निफिकंट’ हा शब्द. बोलण्यात त्याचा अर्थ महत्त्वाचा, लक्षणीय. संख्याशास्त्रात त्याचा अर्थ एवढाच, की दिसलेला फरक निव्वळ योगायोगानं पडण्याची शक्यता कमी आहे. फरक ‘सिग्निफिकंट’ असूनही इतका क्षुल्लक असू शकतो की रोग्याला तो जाणवणारही नाही. ‘कल्चर’ म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्रात वाढवलेले जिवाणू, म्हणजे आपलं विरजणच; दोन मजले वर मानववंशशास्त्रात तोच शब्द साऱ्या समाजाच्या जगण्याला लागू होतो. ‘क्रिटिकल’ हा शब्द रुग्णालयात ऐकला की पोटात गोळा येतो, भांडारकर संस्थेत ऐकला की महाभारताची चिकित्सक आवृत्ती आठवते.

या सगळ्या पेढ्यांवर ज्याची हुंडी वटली असा एक माणूस आपल्यातच होऊन गेला. दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म १९०७चा, गोव्यातला. शिक्षण हार्वर्डमध्ये, नंतर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम. व्यवसायानं गणिती. १९४४ मध्ये त्यांनी जनुकांमधली अंतरं मोजण्याविषयी जो निबंध लिहिला, त्यातलं सूत्र आनुवंशशास्त्रात आजही त्यांच्या नावानं ओळखलं जातं. तो निबंध समीकरणांनी बोलतो. त्याच माणसानं १९४८ मध्ये भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. तिथं शेकडो हस्तलिखितांतले पाठभेद जुळवायचे, म्हणजे स्वतःची आवड बाजूला ठेवून प्रतींना बोलू द्यायचं. प्राचीन आहत नाणी त्यांनी हजारोंनी तोलली. वापरात नाणं झिजतं, म्हणून वजनातल्या घटीवरून त्याचा काळ ताडता येतो, ही त्यामागची कल्पना. इथं संख्याशास्त्राचं इंग्रजी इतिहासाच्या कामी आलं. आणि १९६२च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’त तर ते पुण्याच्या आसपासचे डोंगर, वाटा आणि देवीची ठाणी पायी पाहत हिंडतात, लोकांशी बोलतात आणि जे पाहिलं ते स्वतःच्या नजरेसह लिहितात.

कोसंबींच्या आयुष्यात या फरकाची दुसरी बाजूही दिसते. १९५९ मध्ये गणितातलं एक प्रसिद्ध कोडं, रीमानचं गृहीतक, सोडवल्याचा दावा त्यांनी एका निबंधात केला. ती सिद्धता टिकली नाही आणि गणिताच्या जगात त्यांच्या नावाला धक्का बसला. तिकडं १९५६च्या ‘ॲन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी’ या त्यांच्या ग्रंथातल्या कितीतरी विधानांवर इतिहासकार आजवर वाद घालत आले आहेत, आणि त्या वादांनीच तो ग्रंथ मोठा ठरला. माणूस तोच, धाडसही तेच. गणितात एक कडी निसटली की साखळी गेली. इतिहासात विधान वादग्रस्त ठरलं तरी त्यातून नवे प्रश्न निघाले की ते जगतं. दोन शाखांची इंग्रजी वेगळी का, याचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं लेखनही या दृष्टीनं वाचून पाहावं. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात वाचलेला जातिसंस्थेवरचा निबंध आधीच्या अभ्यासकांच्या व्याख्या एकेक करून तपासत पुढं सरकतो. १९२३चा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ कोष्टकं आणि विनिमयाच्या दरांतून युक्तिवाद उभा करतो आणि केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाशीही मतभेद नोंदवतो. त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी त्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली आणि त्या प्रस्तावनेतच आपला मतभेद सांगून टाकला. हीही त्या पेढीची रीत. आणि पुढं घटनेच्या मसुद्यात काम करताना जी भाषा लागली तिच्यात ना मत, ना मतभेद. तिथं प्रत्येक शब्दाला एकच अर्थ उरावा हीच कसोटी.

या भेदांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांत जॉन स्वेल्स आणि केन हायलँड ही नावं मोठी आहेत. स्वेल्स यांनी १९७०च्या दशकात सुदानमधल्या खार्टूम विद्यापीठात इंग्रजी शिकवलं. पाण्यातल्या माशाला पाणी दिसत नाही. बाहेरून आलेल्याला शिकवताना ते दिसू लागतं. संशोधन निबंधाची प्रस्तावना बहुधा तीन पावलं टाकते, असं त्यांनी १९९०च्या पुस्तकात दाखवलं. हा प्रांत महत्त्वाचा आहे. यात अमुक जागा रिकामी राहिली आहे. ती मी भरतो. हायलँड यांनी तर आठ विद्याशाखांतले २४० निबंध तपासून ‘मी’ आणि ‘आम्ही’ कुठं किती येतात हे मोजलं. मानव्य आणि सामाजिक शास्त्रांत लेखक स्वतःला अधिक पुढं आणतो, विज्ञान-अभियांत्रिकीत कमी, असं त्यांना दिसलं. दुसऱ्याचं मत सांगताना तत्त्वज्ञानाचा अभ्यासक ‘अमुक असा युक्तिवाद करतात’ असं लिहितो, तर वैज्ञानिक ‘अमुक यांनी दाखवलं’ असं लिहितो. क्रियापदातसुद्धा पेढीचा शिक्का असतो.

नुसता शिक्का जमला म्हणजे हुंडी खरी, असंही नाही. १९९६ मध्ये न्यूयॉर्कचे भौतिकशास्त्रज्ञ ॲलन सोकल यांनी सांस्कृतिक अभ्यासाच्या ‘सोशल टेक्स्ट’ या नियतकालिकाकडं मुद्दाम निरर्थक निबंध त्या शाखेच्या भाषेत लिहून पाठवला. तो छापून आला, आणि मग त्यांनीच त्याचं बिंग फोडलं. आता तर कुठल्याही शाखेच्या तोंडवळ्याचा मजकूर यंत्र क्षणात लिहून देतं. म्हणूनच साच्यामागचं कारण कळणं आज अधिक गरजेचं झालं आहे.

ते कारण माझ्या मते एकाच प्रश्नात सामावतं. इथं जामीन कोण? बँकेत कर्जाच्या प्रत्येक कागदामागं हा प्रश्न असायचा. प्रयोगशास्त्रात जामीन असते पद्धती, गणितात सिद्धता, इतिहासात कागद, कायद्यात आधीचे निवाडे, साहित्यात संहिता आणि तिच्याशी भिडलेला वाचक. ज्याच्यावर भार, त्याच्याविषयी त्या शाखेत सविस्तर लिहितात. बाकीचं थोडक्यात उरकतात. हे एकदा कळलं की कुठं ‘मी’ म्हणायचं आणि कुठं नाही, कुठं शंका दाखवायची आणि कुठं ठाम राहायचं, हे पाठ करावं लागत नाही.

आपल्या मराठी शाळांत शिकलेल्या मुलांना तर मी सांगेन, हे तुम्ही आधीच शिकला आहात. भूमितीत ‘पक्ष, साध्य, सिद्धता’ लिहिली होती. प्रयोगवहीत ‘साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान’ लिहिलं होतं. कवितेचं रसग्रहण लिहिताना कवी काय ‘म्हणतो’ ते वर्तमानकाळात सांगून स्वतःला काय वाटलं तेही लिहिलं होतं. या तीन वेगळ्या रीती आहेत, हे तेव्हा कुणी बोलून दाखवलं नव्हतं, एवढंच. विद्यापीठातल्या इंग्रज्या याच रीतींचं वाढलेलं रूप आहे. इंग्रजाच्या मुलालाही त्या आईच्या मांडीवर मिळत नाहीत. त्यालाही त्या शिकाव्याच लागतात.

म्हणून मुलगा ‘माझं इंग्रजी कच्चं आहे’ म्हणाला, तर त्याला आणखी एक फाडफाड बोलण्याचा क्लास लावण्याआधी विचारावं, ‘कुठल्या विषयातलं?’ मग त्याच्या विषयातले, शिक्षकांनी चांगले म्हणून सांगितलेले तीन-चार निबंध त्याच्यापुढं ठेवावेत. नव्या शाखेत बदली झालेला अधिकारी आधी जुन्या फायली वाचतो, तसे ते त्यानं वाचावेत. सुरुवात कशी होते, ‘मी’ कुठं येतो, संदर्भ कशासाठी दिला जातो, शंका कोणत्या शब्दांत मांडली जाते, एवढं पेन्सिलीनं खुणा करत पाहावं. आणि शिक्षकांनीही ‘इंग्रजी सुधारा’ असा शेरा मारण्याआधी आपल्या पेढीची रीत एकदा तोंडानं सांगावी. त्याला तास-अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागत नाही, आणि तेवढ्यानं एखाद्या हुशार मुलाचा स्वतःला मठ्ठ समजण्यात जाणारा वेळ वाचू शकतो.